रोजच्या वापरातील दोन आसनी उघडी मोटार : ब्रिटिश रोडस्टर ते माझ्दा एम.एक्स.-५

प्रस्तावना

मोटारीच्या इतिहासाचे लेखन आजवर मुख्यतः कारखानदार, अभियंते आणि शर्यती यांच्या अंगाने झाले आहे. कोणत्या वर्षी कोणते इंजिन आले, कोणत्या गाडीने कोणते मैदान मारले, कोणता कारखाना का बुडाला, याची तपशीलवार नोंद उपलब्ध आहे. मोटार विकत घेणाऱ्याने ती पुढची पाच-सात वर्षे कशी वापरली, हा प्रश्न मात्र या लेखनात बाजूला राहतो. दोन आसनांच्या, उघड्या टपाच्या, चपळ मोटारीच्या बाबतीत हे दुर्लक्ष अधिकच जाणवते. रोडस्टर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गाडीकडे केवळ हौसेची वस्तू म्हणून पाहण्याची सवय अभ्यासकांनाही जडलेली आहे. वस्तुतः दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन आणि अमेरिका या देशांत ही गाडी घेणाऱ्या अनेकांच्या दारात दुसरी मोटार नव्हती. याच गाडीतून ते कामावर जात, बाजारहाट करीत आणि हिवाळाही काढीत.

या प्रकारच्या गाडीचा युद्धोत्तर उदय, १९८० च्या सुमारास झालेला अस्त आणि १९८९ नंतरचे पुनरुज्जीवन या तिन्ही घटनांचा उलगडा तिच्या वेगापेक्षा तिच्या रोजच्या उपयोगाकडे पाहिल्यास अधिक चांगला होतो, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. गाडी सोमवारी सकाळी खात्रीने चालू होते काय, पावसात आतला माणूस कोरडा राहतो काय, आठवड्याचा किराणा मावतो काय, हे प्रश्न किरकोळ वाटतात; पण कारखान्यांचे भवितव्य त्यांच्यावर ठरलेले दिसते.

साधनांविषयी एक अडचण आरंभीच नमूद करावी लागते. संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे आज ज्या जुन्या रोडस्टर दिसतात, त्या बहुधा कमी वापरल्या गेलेल्या किंवा पूर्णपणे नव्याने बांधलेल्या असतात. रोज वापरलेली गाडी गंजून, झिजून भंगारात गेली. म्हणजे जे अवशेष उरले, ते मूळ वापराची साक्ष देण्यास सर्वांत अपात्र आहेत. त्यामुळे गाड्यांच्या चकचकीत अंगापेक्षा त्यांची रचना, सोबत दिलेल्या सोयी आणि उत्पादकांनी पुढच्या आवृत्तीत केलेल्या दुरुस्त्या यांवरून वापराचा मागोवा घेणे अधिक फलदायी ठरते. कोणत्याही वस्तूतील सुधारणा ही आधीच्या गैरसोयीची अप्रत्यक्ष कबुलीच असते.

निर्यातीची गाडी

मॉरिस गॅरेजेस या ऑक्सफर्डच्या पेढीतून सेसिल किंबर यांच्या पुढाकाराने एम.जी. ही गाडी जन्मास आली. १९२९ मध्ये तिचा कारखाना ॲबिंग्डन या गावी गेला. युद्ध संपताच, १९४५ च्या अखेरीस, तेथे एम.जी. टी.सी. या गाडीचे उत्पादन सुरू झाले. तिच्यात नवे असे फारसे काही नव्हते. लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकलेला, एकोणीस इंची तारांची चाके, पुढची काच बॉनेटवर आडवी करता येणारी, इंजिन १२५० सी.सी. आणि ५४ अश्वशक्तीचे. ही सारी युद्धपूर्व काळातील घडण होती. दारांना काचा नव्हत्या. पाऊस आला की कापडी टप चढवायचा आणि दारांवर अभ्रकासारख्या पारदर्शक पट्ट्या असलेले पडदे खोचायचे. हीटर नव्हता. सामानाला डिकी नव्हती. मागच्या बाजूस इंधनाची चौकोनी टाकी उघडीच बसवलेली होती आणि बॅगा आसनांच्या मागील अरुंद जागेत कोंबाव्या लागत.

अशी गाडी १९४९ पर्यंत सुमारे १०,००० इतकी तयार झाली. ब्रिटनमध्ये तेव्हा पोलाद टंचाईचे होते आणि निर्यात करणाऱ्या कारखान्यांना ते प्राधान्याने मिळे. देशात पेट्रोलचे रेशनिंग मे १९५० पर्यंत चालू होते. म्हणून गाड्या समुद्रापार पाठवणे ही निकड होती. अमेरिकेत सुमारे २,००० टी.सी. गेल्या आणि त्या सर्वांचे चालकचक्र उजव्या बाजूस होते, म्हणजे तेथील रस्त्यांच्या दृष्टीने चुकीच्या बाजूस. इंग्लंडमध्ये तैनात असलेल्या अमेरिकी सैनिकांनी या गाड्या आपल्याबरोबर मायदेशी नेल्या आणि त्यातून तेथे आवड पसरली, अशी कथा वारंवार सांगितली जाते. ती अंशतःच ग्राह्य धरता येते. टी.सी. हीच मुळी युद्धानंतर तयार झालेली गाडी. तिचा अमेरिकेतील प्रसार मुख्यतः रीतसर व्यापारातून झाला. सैनिकांनी नेली असेल ती इच्छा.

येथे एक कोडे उभे राहते. अमेरिकेत त्याच पैशांत हीटर, रेडिओ आणि सहा माणसांची जागा असलेली मोठी मोटार मिळत असताना या गैरसोयीच्या गाडीस ग्राहक का मिळावेत? उत्तराचा एक भाग असा की, घरात एक मोठी मोटार आधीच असणारा वर्ग तेथे वाढत होता. दुसरा भाग असा की, ती गाडी चालवताना माणसाला काहीतरी करावे लागे. गिअर, ब्रेक आणि चालकचक्र यांच्यातून रस्ता हाताला कळे. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका या संस्थेच्या शर्यतींत याच गाड्या उतरत. आठवडाभर कामावर नेलेली गाडी रविवारी पुढची काच आडवी करून शर्यतीत धावे आणि संध्याकाळी त्याच गाडीने मालक घरी परते. रोजची गाडी आणि शर्यतीची गाडी यांतील सीमारेषा त्या काळी आजच्याइतकी ठळक नव्हती.

१९५० मध्ये बाजारात आलेल्या टी.डी. या पुढच्या गाडीने अमेरिकी ग्राहकाचे म्हणणे ऐकले. तिच्यात पुढच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र स्प्रिंगा होत्या, रॅक आणि पिनियन पद्धतीचे स्टिअरिंग होते आणि डावीकडील चालकचक्रही मिळू लागले. जुन्या भक्तांनी ती मऊ झाल्याची तक्रार केली. तथापि १९५३ पर्यंत ती ३०,००० च्या आसपास खपली आणि त्यांतील बहुसंख्य गाड्या अमेरिकेस गेल्या. रसिकांचे मत आणि खपाचे आकडे यांतील ही तफावत पुढील अर्धशतकात पुन्हा पुन्हा दिसते.

पाऊस, टप आणि पडदे

जगातील बहुतेक लोकप्रिय उघड्या मोटारी पावसाळी हवेच्या देशात घडल्या, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. परंतु उघड्या गाडीचा खरा शत्रू पाऊस नसून डोक्यावरचे ऊन आणि धूळ होय. इंग्लंडमधील रिमझिम सोसता येते; गाडी वेगात असली की पुढच्या काचेवरून उडणारी हवा पाण्याचे थेंबही डोक्यावरून मागे नेते, आणि भिजण्याची पाळी येते ती सिग्नलला थांबल्यावर. उलट विदर्भातील मे महिन्याच्या दुपारी टप उघडून कामावर जाण्याची कल्पनाही कोणी करणार नाही.

महाराष्ट्राला कापडी टप आणि पडदे मुळीच अपरिचित नव्हते. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबईत महिंद्र आणि महिंद्र यांनी जुळवणी सुरू केलेल्या जीपगाडीवर तेच होते. मामलेदार, पाटबंधारे खात्याचे अभियंते आणि साखर कारखान्यांचे अधिकारी यांनी त्या टपाखाली कित्येक पावसाळे काढले. पण ती गैरसोय नोकरीच्या गरजेतून आलेली होती. कोणी हौसेने पत्करलेली नव्हती. नेमका हाच भेद रोडस्टरच्या इतिहासात मध्यवर्ती आहे.

त्या काळच्या टपाची रचना पाहिली तर रोजच्या वापराची कल्पना येते. टप उघडणे ही एका हाताची क्रिया नव्हती. कापड बटणांवरून सोडवायचे, नळ्यांचा सांगाडा वेगळा करायचा, दोन्ही घड्या घालून मागे ठेवायचे, आणि ढग दिसताच सारे उलट क्रमाने करायचे. ओले कापड घडी करून ठेवल्यास त्याला बुरशी धरे. थंडीत ते आखडे आणि बटणे जागेवर पोहोचत नसत. यावर टोनो कव्हर नावाचा एक चतुर मध्यममार्ग निघाला. दोन्ही आसनांवर ताणून बसवायच्या या आच्छादनाला मधोमध चेन असे. एकटा चालक आपल्या बाजूची चेन उघडून बसे, शेजारचे आसन झाकलेले राही आणि हीटर असल्यास त्याची ऊब पायांशी कोंडली जाई. ब्रिटिश हिवाळ्यात टप न चढवता कामावर जाणाऱ्यांचा हा ठरलेला उपाय होता.

स्वस्त रोडस्टरचा कळस म्हणून १९५८ ची ऑस्टिन-हीली स्प्राइट दाखवता येते. छोट्या कौटुंबिक मोटारींतील ९४८ सी.सी. इंजिन घेऊन ही गाडी कर धरून ६७० पौंडांहून किंचित कमी किमतीस दिली गेली. खर्च वाचवण्यासाठी तिला डिकीचे झाकणच ठेवले नव्हते. सामान आसने पुढे करून मागच्या पोकळीत सरकवावे लागे आणि खोल गेलेली वस्तू काढताना अर्धे अंग आत घालावे लागे. दाराला बाहेरून कडी नव्हती. पडद्यातून हात आत घालून दार उघडायचे. म्हणजे गाडीस कुलूप लावण्याचा प्रश्नच निकालात निघाला होता. मोटारसायकलवरून मोटारीकडे येणाऱ्या तरुणाला यात काही उणे वाटत नसे. त्याची तुलना भिजण्याशी होती, बंदिस्त मोटारीशी नव्हती.

एम.जी.बी. : उपयोगी गाडीचा उत्कर्ष आणि ऱ्हास

सप्टेंबर १९६२ मध्ये आलेली एम.जी.बी. ही रोजच्या वापराचा गांभीर्याने विचार करणारी पहिली मोठ्या खपाची ब्रिटिश रोडस्टर म्हणता येईल. तिचा सांगाडा आणि कवच एकसंध होते. दारांना गुंडाळत्या काचा होत्या आणि बाहेरून कडी होती. कुलूप लावता येणारी, बऱ्यापैकी मोठी डिकी होती. १७९८ सी.सी. चे तिचे इंजिन त्याच उद्योगसमूहाच्या कौटुंबिक मोटारींच्या घराण्यातले होते. त्यामुळे ते गावच्या कोणत्याही गॅरेजमध्ये दुरुस्त होई. १९६५ मध्ये तिची पक्क्या छपराची जी.टी. आवृत्ती निघाली. दोन्ही मिळून १९८० पर्यंत ५ लाखांहून अधिक एम.जी.बी. तयार झाल्या.

तरीही तिच्याबरोबर राहणे म्हणजे एक प्रकारचा संसारच होता. सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांच्या मागे फळीखाली दडवलेल्या असत, आणि जे दिसत नाही त्यात पाणी घालायचे राहून जाते. पुढच्या चाकांच्या सांध्यांत ठरावीक अंतराने ग्रीस भरावे लागे. दोन कार्ब्युरेटरांचा मेळ बिघडला की इंजिन धापा टाकी. दाराखालचे पोकळ पत्रे आतून गंजत आणि एकसंध सांगाड्याच्या गाडीत हा गंज केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नसे. १९६० च्या दशकात हे सारे चालून गेले, कारण शेजाऱ्याच्या बंदिस्त मोटारीलाही जवळजवळ एवढीच निगा लागत होती. हा मुद्दा निर्णायक आहे. मालकाला उघड्या गाडीसाठी जादा मोल द्यावे लागत होते ते फक्त टप आणि जागा यांचे. यंत्राच्या लहरी सर्वांनाच सारख्या होत्या.

१९७० च्या दशकात हे समीकरण मोडले. अमेरिकेत १९६६ च्या वाहनसुरक्षा कायद्यामुळे आणि १९७० च्या शुद्ध हवा कायद्यामुळे प्रत्येक गाडीत बदल करणे भाग पडले. बंपरच्या उंचीचा नियम पाळण्यासाठी १९७४ च्या अखेरीस एम.जी.बी. ला काळे रबरी बंपर लावले आणि सबंध गाडीच उंच केली. त्याने वळणावरील तिचा तोल बिघडला. धूर कमी करण्याच्या उपायांनी अमेरिकेतील तिच्या इंजिनाची शक्ती ६० ते ६५ अश्वशक्तीपर्यंत उतरली. (शक्ती मोजण्याची पद्धतही मध्यंतरी बदलली होती, हे आकड्यांची तुलना करताना विसरता कामा नये, तरी घसरण खरीच होती.) उलटणाऱ्या गाडीसंबंधी कडक नियम येणार आणि उघड्या मोटारींवर बंदीच येणार, अशी धास्ती उद्योगात पसरली. १९७६ ची कॅडिलॅक एल्डोराडो ही अखेरची अमेरिकी उघडी मोटार म्हणून गाजावाजा करून विकली गेली. ट्रायम्फ कंपनीने टी.आर.७ ही १९७५ ची नवी गाडी चक्क बंद छपराची काढली; तिची उघडी आवृत्ती यायला १९७९ उजाडले. प्रत्यक्षात अशी बंदी कधीच आली नाही. कारखान्यांनी न आलेल्या कायद्याचे पालन केले, असेच म्हणावे लागते.

रोडस्टरच्या अस्ताचे खापर सामान्यतः या कायद्यांवर फोडले जाते. ते कारण खरे असले तरी अपुरे आहे. याच वर्षांत जपानी आणि जर्मन कौटुंबिक मोटारी थंड सकाळी पहिल्या फटक्यात चालू होऊ लागल्या होत्या. १९७६ मध्ये आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जी.टी.आय. ने तर कळस केला : चार आसने, मागे उघडणारे मोठे दार, पक्के छप्पर, आणि वेगात ती बहुतेक ब्रिटिश रोडस्टरांना मागे टाकी. रोडस्टरचा मालक आता वेगाच्या मोबदल्यात गैरसोय सोसत नव्हता. वेगही नाही आणि सोयही नाही अशी त्याची अवस्था झाली. त्यात पौंडाचा भाव वाढल्याने अमेरिकेतील विक्री आतबट्ट्याची ठरली. ॲबिंग्डनचा कारखाना ऑक्टोबर १९८० मध्ये बंद झाला.

हिरोशिमाचे उत्तर

पुनरुज्जीवनाची कल्पना एका वापरकर्त्याच्या तोंडून निघाली, हे लक्षणीय आहे. बॉब हॉल हे अमेरिकी मोटार-पत्रकार ब्रिटिश गाड्यांचे चाहते होते. १९७९ मध्ये माझ्दा कंपनीचे केनिची यामामोटो यांच्याशी बोलताना त्यांनी जुन्या धाटणीची साधी, स्वस्त, उघडी गाडी काढावी असे सुचवले. १९८१ मध्ये हॉल हे माझ्दाच्या कॅलिफोर्नियातील शाखेतच नोकरीस लागले. चालता नमुना तयार करण्याचे काम इंग्लंडमधील वर्दिंग येथील आय.ए.डी. या अभियांत्रिकी संस्थेकडे गेले, आणि तो नमुना १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता बार्बराच्या रस्त्यांवर, सामान्य रहदारीत फिरवून पाहिला गेला. बंदिस्त मैदानाऐवजी रहदारी निवडणे हा योगायोग मानण्याचे कारण नाही. गाडीची रोजची चाल आणि लोकांची नजर यांचीच परीक्षा घ्यायची होती.

प्रकल्पप्रमुख तोशिहिको हिराई यांनी 'जिन्बा इत्ताई' म्हणजे स्वार आणि घोडा एकरूप, हे सूत्र धरले. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागो येथील प्रदर्शनात एम.एक्स.-५ जगापुढे आली. अमेरिकेत तिला मियाटा हे नाव होते. जपानमध्ये ती युनोस रोडस्टर म्हणून विकली गेली. १५९८ सी.सी. चे इंजिन कंपनीच्या कौटुंबिक मोटारीवरून घेतले होते. वजन साधारण ९५० किलो, इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना. १९६२ च्या लोटस एलानची छाया तिच्या आकारावर स्पष्ट दिसे, आणि टीकाकारांनी तिला नक्कल म्हटले. ही टीका वरवरची होती. आकार जुना होता; आतील विश्वासार्हता ब्रिटिश कारखान्यांनी कधीही पुरवलेली नव्हती.

रोजच्या वापराच्या दृष्टीने तिच्यातील सर्वांत क्रांतिकारक भाग इंजिन नसून टप होता. पुढच्या काचेवरच्या दोन कड्या सोडायच्या आणि बसल्या जागेवरून एका हाताने टप मागे टाकायचा. सिग्नल हिरवा होईपर्यंत काम उरकते. बंद करणेही तितकेच सोपे. त्यामुळे टप उघडण्याचा निर्णय सकाळी हवामान पाहून दिवसभरासाठी घेण्याचे कारण उरले नाही. पाच मिनिटांच्या उन्हासाठीही तो घेता येऊ लागला. जुन्या रोडस्टरचा मालक आळसाने टप कायम बंद किंवा हट्टाने कायम उघडा ठेवी. नव्या गाडीच्या मालकाला दोन्हींची गरज नव्हती.

अडचणी संपल्या असे नव्हे. डिकीत सुटे चाक आणि बॅटरी यांनी बरीच जागा खाल्ली होती. टपाची मागची खिडकी लवचीक प्लॅस्टिकची होती. ती थंडीत घडी घातल्यास चिरे आणि काही वर्षांत पिवळी पडे. सावध मालक घडीत टॉवेल ठेवीत. टपाच्या मागील पन्हळीतून पाणी वाहून नेणारी भोके पालापाचोळ्याने तुंबत आणि साचलेले पाणी दाराखालच्या पत्र्यात उतरे, एम.जी.बी. चाच जुना रोग येथे वेगळ्या वाटेने आला. चोर कापडी टप कापून आत शिरतो आणि नवा टप आतल्या ऐवजापेक्षा महाग पडतो, म्हणून गाडीत काहीच न ठेवता दार मुद्दाम उघडे सोडण्याची विलक्षण प्रथा अनेक मालकांनी पाळली. आसन इतके खाली की मागून येणाऱ्या मालमोटारीचे दिवे थेट मानेवर पडत. आणि तिसरे माणूस बसवायचे झाले तर उत्तर नव्हतेच.

पण या अडचणी आधीच्या पिढीच्या अडचणींहून वेगळ्या जातीच्या होत्या. गाडी चालू होईल की नाही ही चिंता गेली होती. जे उरले होते ते दोन आसने आणि कापडी छप्पर यांतून अपरिहार्यपणे येणारे होते, आणि ते विकत घेतानाच दिसत होते. मालकाने पत्करलेली गैरसोय आणि त्याच्यावर लादलेली गैरसोय यांची फारकत येथे प्रथमच पूर्ण झाली.

१९९८ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत मागची खिडकी काचेची झाली, तिला दव घालवणाऱ्या तारा मिळाल्या आणि सुटे चाक डिकीच्या तळाखाली गेले. २००० मध्ये सर्वाधिक खपाची दोन आसनी मोटार म्हणून गिनीज ग्रंथात तिची नोंद झाली. या यशाने इतरांना जाग आणली. फियाट बार्केटा आणि एम.जी.एफ. १९९५ मध्ये, बी.एम.डब्ल्यू. झेड-३ त्याच सुमारास, मर्सिडीझ एस.एल.के. आणि पोर्श बॉक्स्टर १९९६ मध्ये, होंडा एस-२००० ही १९९९ मध्ये आली. भारतातही सॅन मोटर्सने १९९८ मध्ये रेनॉ कंपनीचे छोटे इंजिन आणि फायबरग्लासची काया घेऊन सॅन स्टॉर्म ही दोन आसनी उघडी गाडी काढली. ती क्वचितच रस्त्यावर दिसली. जेथे घरातील एकुलत्या मोटारीत आजी-आजोबांसह पाच-सहा जणांना बसायचे असते, तेथे दोन आसनांची गाडी ऊन-पावसाच्या आधीच नापास होते.

मर्सिडीझ एस.एल.के. ने टपाचा प्रश्न पूर्णपणे वेगळ्या रीतीने सोडवला. तिचे पोलादी छप्पर बटण दाबताच घडी होऊन डिकीत जाई. चोर, थंडी आणि आवाज या तिन्हींवर हा उपाय होता. पण छप्पर आत गेले की सामानाची जागा जवळजवळ नाहीशी होई, म्हणजे उघड्या गाडीतून प्रवासाला निघणाऱ्याने बॅग घरी ठेवायची. माझ्दाने २००६ मध्ये असेच घडीचे पक्के छप्पर दिले, तेव्हा त्याची घडी आसनांच्या मागे, कापडी टपाच्याच जागेत बसवली आणि डिकीला हात लावला नाही. वजन काही किलोंनी वाढले. कापडी टपाची गाडीही शेजारी विक्रीस ठेवली गेली, आणि कोणती निवड करायची हे ग्राहकावर सोडले.

त्या लाटेतील बहुतेक गाड्या पुढे बंद पडल्या. रोव्हर उद्योग एप्रिल २००५ मध्ये कोसळला आणि एम.जी. ची दोन आसनी गाडी त्याबरोबर थांबली. होंडाची गाडी २००९ मध्ये, आणि मर्सिडीझची, एस.एल.सी. असे नाव बदलल्यानंतर, २०२० मध्ये थांबली. एम.एक्स.-५ चा दहा लाखावा नग एप्रिल २०१६ मध्ये हिरोशिमात तयार झाला. त्या वेळी चालू असलेल्या चौथ्या आवृत्तीत, वजन पुन्हा सुमारे १,००० किलोंवर आणताना, अभियंत्यांनी समोरचा हातकप्पा काढून टाकला आणि त्याऐवजी दोन आसनांच्या मागे मधोमध एक लहानसा कप्पा दिला. पेला ठेवण्याची कडी मात्र दिली आहे. ती हवी तेथे अडकवता येते आणि नको असल्यास काढून ठेवता येते.